बद्धमताची मीमांसा आणि तिच्या मर्यादा

पुरावा विरुद्ध गेला असताही मनुष्य आपल्या राजकीय मतास चिकटून का राहतो, या प्रश्नास अज्ञान, स्वार्थ आणि प्रचार अशी तीन उत्तरे पूर्वी दिली जात. १९३३ नंतरच्या जर्मनीने ही तिन्ही उत्तरे अपुरी ठरविली. सुशिक्षितांचा मोठा वर्ग हिटलरच्या मागे गेला, आणि त्याने जे सोडले त्यात त्याचे स्वतःचे हितही होते. एरिक फ्रॉम यांनी १९४१ मध्ये स्वातंत्र्याच्या भीतीची कल्पना मांडून या कोड्याचे मूळ मनात शोधले. ॲडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, लेव्हिन्सन व सॅनफर्ड या चौघांचा ‘दि ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ हा १९५० चा ग्रंथ म्हणजे या शोधाला प्रयोगसिद्ध रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न होय.

ग्रंथाचे प्रमेय थोडक्यात असे : कठोर शिस्तीत वाढलेले मूल आई-बापांविषयीचा रोष व्यक्त करू शकत नाही; तो दडपला जातो आणि पुढे दुर्बळ किंवा परक्या समूहांवर वळतो. अशी व्यक्ती वरिष्ठांपुढे नमते, कनिष्ठांना तुडविते, आणि तिला संदिग्धता सोसवत नाही. ज्यूद्वेष हा सुटा दोष नसून अन्य समूहांविषयीच्या तुच्छतेशी तो निगडित असतो, हे ग्रंथकारांनी दाखवून दिले. मते सुटी नसतात, त्यांची जुळणी असते, हा या ग्रंथाचा टिकाऊ लाभ म्हटला पाहिजे.

परंतु पद्धतीच्या बाजूने पाहता इमारतीचा पाया डळमळीत आढळतो. प्रश्नावली दोन हजारांहून अधिक व्यक्तींना दिली गेली. त्यांत सॅन क्वेंटिन तुरुंगातील बंदीही होते. तथापि बहुसंख्य मध्यमवर्गीय गोऱ्या अमेरिकनांचेच होते. हुकूमशाही प्रवृत्ती मोजणाऱ्या ‘एफ’ श्रेणीतील विधाने एकाच दिशेने रचलेली होती. ‘मान्य’ म्हणावे की गुण वाढलाच. त्यामुळे कोणत्याही विधानास होकार देण्याची सवय आणि हुकूमशाही वृत्ती यांत भेद करणे अशक्य झाले. मुलाखत घेणाऱ्यांना समोरच्या व्यक्तीची उत्तरे आधीच ठाऊक असत. हायमन व शीट्सली यांनी १९५४ मध्ये या दोषांवर बोट ठेवले, आणि अल्पशिक्षणाचा परिणाम व्यक्तिमत्त्वाच्या खात्यावर मांडला गेल्याचेही दाखविले. त्याच वर्षी एडवर्ड शिल्स यांनी विचारले की, डाव्या पक्षांतील हुकूमशाही वृत्ती या श्रेणीस का दिसू नये? ऑल्टमायर यांनी १९८१ मध्ये होकारार्थी व नकारार्थी विधानांचा तोल साधून नवी श्रेणी रचली, तेव्हा मूळच्या नऊ लक्षणांपैकी तीनच एकत्र टिकली : अधिकाराला शरणता, त्याच्या नावाने आक्रमकता आणि रूढिनिष्ठा.

शिल्स यांच्या प्रश्नास मिल्टन रोकीच यांनी १९६० च्या ‘दि ओपन अँड क्लोज्ड माइंड’ या ग्रंथात उत्तर देऊ पाहिले. मनुष्य काय मानतो यापेक्षा कसे मानतो हे पाहावे, असा त्यांचा आग्रह. सांगणाऱ्याचा अधिकार आणि सांगितलेली गोष्ट यांना जो वेगळे तोलू शकत नाही, त्याचे मन बद्ध होय. ही दृष्टी निश्चितच अधिक न्याय्य आहे. मात्र त्यांच्या श्रेणीतही होकाराने गुण वाढतो, हा जुना दोष कायम राहिला. आज्ञाधारकतेविषयीच्या विधानास एखाद्या मराठी विद्यार्थ्याने दिलेला होकार शरणता दर्शवितो की वडिलधाऱ्यांविषयीचा घरचा शिष्टाचार, हे अशी श्रेणी सांगू शकत नाही. तिचे केवळ भाषांतर करून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

याहून गंभीर प्रश्न तर्काचा आहे. मताचे मूळ बालपणीच्या भयात सापडले, एवढ्याने ते मत खोटे ठरत नाही. उदार मनातून निघाले म्हणून खरेही ठरत नाही. उत्पत्ती आणि प्रामाण्य यांची गल्लत झाली की प्रतिपक्षी हा वादातील सहभागी न राहता रुग्ण बनतो. त्याचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्याचे निदान केले जाते. प्रतिपक्ष्यास विकृत ठरवून गप्प करणे हे तर बद्धमनाचेच लक्षण. त्याची मीमांसा करणारे शास्त्र त्याच वाटेने जाऊ लागले, तर त्याच्या हाती उरते काय?

शिवाय निष्ठा आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. हयातीत स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहूनही आगरकर आपल्या सुधारणावादी मतांपासून ढळले नाहीत. केवळ न बदलण्यावरून निर्णय द्यावयाचा तर तेही बद्धमन ठरतील. परंतु त्यांनी प्रत्येक मतामागे कारणे दिली आणि ती तपासण्यास वाचकास पाचारण केले. भेद येथे आहे : मत किती घट्ट धरले यात नव्हे, तर विरोधी युक्तिवादास त्यात शिरण्याची वाट ठेवली की नाही, यात.

या कसोटीवर पाहता रोकीच यांची दिशा योग्य, पण साधन अपुरे ठरते. १९५० च्या ग्रंथाची सूचकता मोठी, पण त्याचा निवाडा घाईचा. बद्धमताचे मानसशास्त्र वादाची पूर्वतयारी म्हणून उपयोगी पडेल. वादाची जागा मात्र त्याने घेता कामा नये.