दम्याची लक्षणे आणि दम्याचा पुरावा : श्वसनमार्गाच्या चाचण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

दम्याविषयीच्या महाविद्यालयीन पाहण्या बहुधा प्रश्नावलीवर आधारलेल्या असतात. ‘छातीत घरघर होते काय?’ या प्रश्नाला मिळालेले होकार मोजून गावातील दम्याचे प्रमाण ठरविले जाते. ही पद्धत कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील मुर्धा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. मिठागरे व खाडीची दमट हवा, भाईंदर-उत्तन रस्त्यावरील वाहतूक आणि नवी बांधकामे असा हा परिसर आहे. अशा ठिकाणी धाप व खोकला यांमागे दमा, क्षयरोग, धूम्रपानजन्य विकार किंवा हृदयविकार यांपैकी काहीही असू शकते.

चाचण्यांचे स्वरूप

दम्यात श्वासनलिकांचा दाह आणि त्यांची अतिप्रतिक्रियाशीलता या दोन बाबी निगडित असल्या, तरी एकरूप नाहीत. अतिप्रतिक्रियाशीलता मोजण्यासाठी मेथाकोलीनची वाढती मात्रा हुंगवून, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी कोणत्या मात्रेस घटते ते पाहतात. या प्रकारच्या चाचणीची प्रमाणित पद्धत कॉकक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी १९७७ साली कॅनडात मांडली. दमा नाही हे दाखविण्यात तिचे खरे बळ आहे. दमा नसलेल्या, पण नाकाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींतही ती होकारार्थी येऊ शकते.

दाहाचा अंदाज कफातील इओसिनोफिल पेशींवरून किंवा उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडवरून येतो. प्रौढांत हा वायू दर अब्ज भागांत २५ पेक्षा कमी असल्यास इओसिनोफिलजन्य दाहाची शक्यता कमी व ५० पेक्षा अधिक असल्यास जास्त, असे अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ साली सुचविले. मात्र धूम्रपानाने व स्टेरॉइडच्या पंपाने हा आकडा खाली येतो. शिवाय प्रत्येक दमा इओसिनोफिलजन्य नसतो.

चिकित्सा

या मापनाचा उपयोग केवळ सैद्धांतिक नाही. ग्रीन व सहकाऱ्यांनी २००२ साली इंग्लंडमधील ७४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, कफातील पेशी पाहून उपचार ठरविलेल्या गटात वर्षभरात तीव्र झटके ३५ आले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ते १०९ होते. तथापि मेथाकोलीनची चाचणी डॉक्टर व तातडीच्या उपचारांची सोय असल्याशिवाय करता येत नाही. कफाच्या तपासणीस प्रशिक्षित प्रयोगशाळा लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात यांपैकी काही शक्य नाही.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार व एक ग्रामीण भाग यांची तुलना केली. तीत लक्षणांच्या विचारपुशीला फुफ्फुसक्षमतेच्या मापनाची जोड होती. हा मार्ग आजही अनुकरणीय आहे. मुर्ध्यासारख्या गावात प्रश्नावलीत लक्षणे आढळलेल्यांना पीक फ्लो मीटर देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवता येईल. प्रौढांत रोजचा सरासरी चढउतार १० टक्क्यांहून अधिक असल्यास दम्याच्या निदानास आधार मिळतो. कामाचे व सुटीचे दिवस वेगळे नोंदविल्यास व्यवसायाशी असलेला संबंधही तपासता येईल.

निष्कर्ष

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात, घरघर होणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के व्यक्तींत दम्याचे निदानच झालेले नव्हते. उलटपक्षी, खोकणाऱ्या प्रत्येकास दमेकरी ठरविल्यास क्षयरुग्णाचा उपचार लांबतो. म्हणून केवळ प्रश्नावलीवर आधारलेल्या शोधनिबंधात ‘दम्याचे प्रमाण’ असे न म्हणता ‘दमासदृश लक्षणांचे प्रमाण’ असे म्हणावे, आणि अशा व्यक्तींना पुढील तपासणीसाठी रुग्णालयाकडे पाठविण्याची जबाबदारी पाहणी करणाऱ्या विभागाने स्वीकारावी.