पकडणें आणि आपलेंसें करणें

मुलांचे खेळ हा टीकेचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. खेळ चांगला कीं वाईट एवढेंच वडील माणसें विचारतात. तो गोड कां लागतो, हें विचारण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाहीं. ज्या व्हिडिओ-खेळांत अद्भुत प्राणी शोधावयाचे, पकडावयाचे, वाढवावयाचे आणि त्यांच्याकरवीं झुंजी खेळावयाच्या, त्यांच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच टाळला जातो. ‘पोकेमॉन’ हा त्यांतील सर्वांत गाजलेला खेळ. तो १९९६ सालीं जपानांत निघाला. त्या वेळीं जीं मुलें तो खेळलीं तीं आज आईबाप झालीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांनीं तो अद्याप टाकलेला नाहीं. इतकी टिकाऊ आवड केवळ लहर म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील वाचकांस हा खेळ वस्तुतः परका वाटूं नये. पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांची समाधि आहे, आणि या भागांत श्रावणांत ‘नवनाथ भक्तिसार’ ग्रंथाचें पारायण घरोघर परिचयाचें आहे. धुंडिसुत मालूनें शके १७४१ मध्यें पुऱ्या केलेल्या या चाळीस अध्यायांच्या पोथींत मच्छिंद्रनाथ काय करितात? ते रानोरान हिंडतात, बावन्न वीरांना प्रसन्न करून घेतात, वेताळाला त्याच्या भूतसैन्यासह जिंकतात. आणि जिंकल्यावर त्याला मारीत नाहींत, तर मंत्र म्हणतांच साह्यास येईन असें वचन घेऊन सोडून देतात. श्रोत्याला खरा आनंद होतो तो, एवढा भयंकर वेताळ आतां आपल्या बाजूचा झाला, याचा. आजी पोथी वाचीत असतां नातू कोपऱ्यांत लहानशा पडद्यावर खेळत असेल, तर दोघांच्या मनांत एकच कथा चालली असण्याचा संभव आहे. १९८७ सालच्या ‘मेगामी तेन्सेई’ या जपानी खेळांत तर पिशाचांशीं बोलणीं करूनच त्यांना आपल्या पक्षास वळवावें लागतें. ज्याचें भय वाटतें त्याला आपलेंसें करावें, ही इच्छा फार जुनी आहे.

तथापि या आवडीचें कारण विचारलें असतां पहिलें उत्तर मिळतें तें संग्रहाच्या हौसेचें. तें खोटें नाहीं. अष्टविनायकांपैकीं सात झाले आणि कर्जत तालुक्यांतील सिद्धटेक तेवढें राहिलें, म्हणजे भाविकाच्या मनाला जी चुटपुट लागते, तीच या खेळांत मुलाला पुढें ओढीत असते. खेळाचे कर्ते सातोशी ताजिरी यांना बालपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. तोक्योजवळील माचिदा येथें ते वाढले. पुढें वस्ती पसरली आणि तेथलीं तळीं नि झाडी नाहींशी होत गेली. तो हरवलेला आनंद शहरांतील मुलांस परत मिळावा, ही या खेळामागील प्रेरणा. पहिल्या खेळाच्या तांबडी आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या निघाल्या, आणि कांहीं प्राणी एकींतच सांपडत, दुसरींत नाहीं. यादी पुरी करावयाची तर दुसऱ्या मुलाकडे जाऊन, दोन यंत्रें तारेनें जोडून, अदलाबदल केल्याखेरीज गत्यंतर नसे. संग्रहाचा लोभ मनुष्याला एकलकोंडा करितो. ताजिरींनीं त्याच लोभाला मित्राच्या दारीं जावयास लाविलें. या रचनेंत त्यांचें खरें चातुर्य आहे.

पण संग्रह हें या आवडीचें मूळ आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि त्याचा पुरावा खेळणाऱ्यांनींच दिला आहे. २०१० सालापासून ‘नझलॉक’ नांवाची एक रीत त्यांच्यांत रूढ झाली. या रीतीप्रमाणें प्रत्येक नव्या प्रदेशांत भेटलेला पहिला प्राणी तेवढा पकडावयाचा. त्याला स्वतः नांव द्यावयाचें. आणि झुंजींत तो पडला तर तो मेला असें मानून त्याला कायमचा निरोप द्यावयाचा. हे नियम खेळाच्या कर्त्यांनीं घातलेले नाहींत. खेळणाऱ्यांनीं ते आपण होऊन स्वतःवर लादून घेतले. ज्याला केवळ संग्रह हवा, तो आपल्या हातानें संग्रह तोकडा कां करील? त्याला पाहिजे असते सोबत, आणि गमावण्याचें भय असल्यावांचून सोबतीला मोल येत नाहीं, हें त्यानें ओळखलेलें असतें.

येथें एका आक्षेपाचेंहि उत्तर मिळतें. प्राण्यांना पकडून झुंजविणें हें कोंबड्यांच्या झुंजीसारखेंच क्रूर नव्हे काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. या खेळांत हरलेला प्राणी केवळ मूर्च्छित होतो आणि क्षणांत बरा होतो. म्हणजे वेदना झांकलेली आहे, आणि हा खेळाचा दोष आम्ही मान्य करितों. परंतु जी वेदना कर्त्यांनीं झांकली, ती खेळणाऱ्यांनींच उघडी केली, हेंहि विसरतां कामा नये.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पहिल्या खेळांत दीडशेंच्या आसपास प्राणी होते. मुलाला ते नांवानिशीं पाठ असत. आतां त्यांच्या जाती हजारावर गेल्या आहेत. इतक्यांशीं कोण नातें जोडणार? रस्तोरस्तीं हिंडून खेळावयाचा ‘पोकेमॉन गो’ २०१६ सालीं आला. त्यानें मुलांना घराबाहेर काढलें, ही त्याची जमेची बाजू. पण त्यांत एकाच जातीचे ढीगभर प्राणी गोळा करून नकोसे हातावेगळे करणें हा नित्यक्रम होऊन बसतो. सोबत संपते आणि हिशेब उरतो. आणि जेथें हिशेब सुरू झाला तेथें दुकानदारहि फार दूर नसतो.

पकडल्यावांचून आपलेंसें करण्याची एक हकीकत अहिल्यानगरच्या किल्ल्यांतच घडलेली आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून मौलाना अबुल कलाम आझाद तेथें बंदिवान होते. तेथें लिहिलेलीं त्यांचीं उर्दू पत्रें १९४६ मध्यें ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यांच्या खोलींत घरटीं करणाऱ्या चिमण्यांची कथा आहे. आधीं त्यांनीं चिमण्यांना हुसकून लावण्याचा यत्न केला. तो फसल्यावर तह केला, तांदळाचे दाणे ठेविले, आणि तासन्‌तास निश्चल बसून त्यांचा विश्वास मिळविला. मग प्रत्येकीची चाल, धिटाई, स्वभाव निरखून त्यांतल्या कित्येकांना नांवें दिलीं: कोणी कलंदर, कोणी मुल्ला, कोणी मोती. पिंजऱ्यांत होते ते मौलाना. चिमण्या मोकळ्याच होत्या. तरी त्या त्यांच्या झाल्या.

या हकीकतीच्या कसोटीला लावल्यास या खेळांचें बरेंवाईट स्पष्ट दिसतें. जेथवर तो खेळ मुलाला एका प्राण्याकडे निरखून पाहावयास, त्याला नांव द्यावयास आणि त्याची काळजी वाहावयास शिकवितो, तेथवर तो बालमनाचें भूषण आहे. तो आंकडे फुगवूं लागला, कीं त्याचें सत्त्व गेलें. यास्तव घरांतील वडील माणसांस आमची एवढीच विनंती आहे, कीं खेळणाऱ्या मुलाला ‘किती पकडलेस?’ असें विचारूं नये. त्यांतला तुझा कोणता आणि त्याचें नांव तूं काय ठेविलेंस, हें विचारून पाहावें. उत्तर चटकन्‌ आलें, तर काळजीचें कारण थोडें. मूल विचारांत पडलें, तर मात्र तो खेळ दोन दिवस बाजूस ठेवून, त्याच्यासह ओसरीवर दाणे टाकून बसावयास हरकत नाहीं.