दोन स्थूलांचीं आत्मनिवेदनें

आत्मचरित्र लिहिणाऱ्यास आपलीं पापें सांगणें फारसें जड जात नाहीं, असें अनेक वर्षांच्या वाचनावरून आम्हांस वाटूं लागलें आहे. व्यसन, कर्ज, चोरी, विश्वासघात यांची कबुली देणारे लेखक प्रत्येक भाषेंत आढळतात, आणि त्या कबुलीमुळें वाचकांच्या मनांत त्यांची योग्यता बहुधा वाढतेच. परंतु 'मी लठ्ठ आहें. बारीक होण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुन्हां केला, पुन्हां फसला' एवढें साधें वाक्य कागदावर उतरवावयास लेखणी धजत नाहीं. मोठ्या पापाच्या वांट्यास निदान करुणा येते. लठ्ठपणाच्या वांट्यास हंसूं येतें. आणि एकदां बारीक होऊन पुन्हां लठ्ठ झालेल्या मनुष्याच्या वांट्यास तें दुप्पट येतें. कारण लोक आतां त्याच्या देहाबरोबर त्याच्या निश्चयासहि हंसूं लागतात.

हंसण्याची ही परंपरा जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच 'अष्टौनिन्दितीय' असें आहे. देहाच्या ठेवणीमुळें निंदेस पात्र होणाऱ्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल व अतिकृश यांची तेथें गणना केली आहे. पुढें त्याच अध्यायांत ग्रंथकार शांतपणें निदान व चिकित्सा सांगतो. जागरण, व्यायाम, चिंतन हीं क्रमाक्रमानें वाढवावींत असा सल्ला देतो, आणि कृशाला पुष्ट करण्यापेक्षां स्थूलाला कृश करणें अवघड आहे हेंहि मोकळेपणानें मान्य करतो. वैद्याची दृष्टि अशी विचारी आहे. परंतु अध्यायाच्या माथ्यावर शब्द आहे तो निंदेचा. समाजानें माथ्यावरील शब्द तेवढा उचलला आणि खालची चिकित्सा वैद्यांकडे सोडून दिली.

इंग्रजी वाङ्मयांत फाल्स्टाफची गोष्ट याहून निराळी नाहीं. 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागाच्या अखेरीस, आपणांस मोठेपणा मिळाल्यास आपण देहानें रोडावूं, मद्य सोडूं व सभ्य माणसासारखे राहूं, अशी प्रतिज्ञा तो करतो. दुसऱ्या भागांत तो जसाच्या तसा परत येतो. वर्गांत हें स्थळ शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें हंसलों आहों आणि विद्यार्थ्यांस हंसविलेंहि आहे. पन्नाशी उलटल्यावर, स्वतः तशीच प्रतिज्ञा करून ती मोडल्यावर, तेंच स्थळ पुन्हां वाचलें तेव्हां एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. दुसऱ्यांनीं हंसावें त्याच्या आधीं फाल्स्टाफ स्वतःला हंसून घेतो. तो विनोद हें त्याचें चिलखत आहे, आणि चिलखत घालणाऱ्यास कोठें तरी लागत असलें पाहिजे.

ही जखम चिलखत उतरवून दाखविणारीं दोन आत्मनिवेदनें आमच्या वाचनांत आलीं. दोघांचेंहि वाङ्मयीन मूल्य फार मोठें आहे असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्या विषयावर वाङ्मय जवळजवळ मुकें आहे, त्या विषयावर तीं बोलतात. म्हणून त्यांचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिलें पुस्तक म्हणजे विल्यम बँटिंग याचें 'स्थूलतेविषयीं पत्र'. हें चोपडें लंडन येथें १८६३ सालीं निघालें. बँटिंग हा अंत्ययात्रांची सिद्धता करण्याचा धंदा करणारा सुखवस्तु गृहस्थ होता. इंग्लंडच्या राजघराण्यांतील अंत्यविधींची व्यवस्था त्याच्याच घराण्याच्या पेढीकडे असे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, पांच फूट पांच इंच उंचीच्या या मनुष्याचें वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो, होतें. वांकून बुटाची नाडी बांधतां येईना. जिना उतरतांना त्याला उलट्या पावलांनीं उतरावें लागे. त्यानें काय केलें नव्हतें? एका नामांकित शस्त्रवैद्याच्या सांगण्यावरून पहांटे उठून दोन दोन तास नांव वल्हविली. स्नायूंस बळ आलें, पण भूकहि वाढली व वजन उलट चढलें. समुद्रस्नान, घोड्यावरची रपेट, औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या यात्रा, तुर्की पद्धतीचीं बाष्पस्नानें, हें सर्व झालें. वीस वर्षें हा क्रम चालला.

शेवटीं ऐकूं कमी येऊं लागलें म्हणून १८६२ च्या ऑगस्टांत तो विल्यम हार्वे या कर्णवैद्याकडे गेला. हार्वे यानें पॅरिस येथें क्लोद बर्नार याचीं मधुमेह व यकृत यांवरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यानें कानाऐवजीं रोग्याच्या ताटाकडे पाहिलें आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करावयास सांगितलें. सुमारें वर्षभरांत ४६ पौंड वजन उतरलें. बँटिंगनें आपल्या खर्चानें चोपडें छापून फुकट वांटलें. पुढें मागणी इतकी वाढली कीं त्याचें नांवच आहारनियमनाचें क्रियापद झालें. स्वीडिश भाषेंत आजहि 'बांता' म्हणजे वजन उतरविण्यासाठीं आहार आवरणें.

या चोपड्याची भाषा हिशेबाच्या वहीची आहे, आणि आमच्या मतें तोच तिचा गुण आहे. तारीख, वजन, कमरेचा घेर, जेवणाचे जिन्नस, असें तो मांडीत जातो. मात्र एके ठिकाणीं ही वही क्षणभर मिटते. सभांत, गाड्यांत, रस्त्यावर लोक आपणांकडे पाहून जे कुत्सित उद्गार काढीत त्यांचा तो उल्लेख करतो, आणि त्या भयानें आपण अशा जागा टाळूं लागलों हेंहि सांगतो. राजांच्या अंत्ययात्रांशीं ज्याच्या घराण्याचा संबंध, तो मनुष्य गर्दींतल्या एका टिंगलीस भिऊन घरीं बसतो! संपूर्ण चोपड्यांतलें हें सर्वांत खरें स्थळ आहे. हार्वेच्या उपचाराइतकाच हार्वेच्या वृत्तीचाहि त्याला उपयोग झाला असावा, असें आम्हांस वाटतें. बँटिंगच्या देहाकडे त्यानें दुर्गुण म्हणून पाहिलें नाहीं, कारण शोधण्याचा विषय म्हणून पाहिलें.

दुसरें निवेदन शंभर वर्षांनंतरचें. जीन निडेच ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील गृहिणी. १९६१ सालीं तिचें वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारें ९७ किलो, होतें. दुकानांत भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनें तिच्या प्रकृतीची स्तुति करून 'बाळ केव्हां व्हायचें आहे?' असें विचारलें. बाळ व्हावयाचें नव्हतें. त्या प्रश्नाच्या आघातानें ती शहराच्या आरोग्यखात्याच्या स्थूलताचिकित्सालयांत गेली. पथ्यानें वजन उतरूं लागलें. परंतु रात्रीं चोरून बिस्किटें खाण्याची तिची संवय सुटली नव्हती, आणि ती गोष्ट चिकित्सालयांत सांगण्याची तिला लाज वाटे. तेव्हां तिनें आपल्यासारख्याच सहा स्थूल मैत्रिणींना घरीं बोलाविलें व त्यांच्यापुढें तें बिस्किटांचें गुपित सांगितलें. त्यांनींहि आपापलीं गुपितें सांगितलीं. या बैठकींतून १९६३ सालीं 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली. १९७० सालीं निडेचबाईंची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. १९७८ सालीं हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीनें ती संस्था विकत घेतली.

या शेवटच्या वाक्यांतील विनोद आम्हीं निर्माण केलेला नाहीं. सहा मैत्रिणींच्या बैठकींत जो विश्वास फुकट मिळत होता तो पुढें वर्गणी देऊन घ्यावा लागला, हें खेदाचें आहे. तथापि मूळ घटनेचें महत्त्व त्यामुळें कमी होत नाहीं. चिकित्सालयांत तज्ज्ञ होते, आहाराचें कोष्टक होतें, वजनाचा कांटा होता. नव्हता तो एवढाच मनुष्य, ज्याच्यापुढें बिस्किटाची गोष्ट बोलतां यावी. बँटिंगला असा मनुष्य वैद्याच्या रूपानें भेटला, निडेचबाईंना तो मैत्रिणींच्या रूपानें मिळवावा लागला. शंभर वर्षांच्या अंतरानें दोघांच्या हकीकती एकाच ठिकाणीं वळण घेतात, आणि तें ठिकाण पथ्याचें नसून उघड बोलण्याचें आहे.

आतां दोषाविषयीं. दोन्ही निवेदनांचा घाट एकच आहे: दुःख, अपयश, शोध, विजय. विजयानंतर पडदा पडतो. वाङ्मयाचा हा आवडता घाट आहे खरा, परंतु या विषयास तो लागू पडत नाहीं. उतरलेलें वजन परत चढतें, हा थोड्याथोडक्यांचा नव्हे, पुष्कळांचा अनुभव आहे. आणि त्याचें कारण केवळ मनाचें दौर्बल्य नाहीं. वजन उतरविल्यानंतर भूक वाढविणाऱ्या व तृप्ति देणाऱ्या द्रव्यांचें शरीरांतील प्रमाण बदलतें, आणि वर्ष लोटलें तरी तें पूर्ववत् होत नाहीं, असें मेलबर्न येथील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवून दिलें आहे. म्हणजे ज्याला आपण निश्चयाचा पराभव म्हणतों, त्यांत शरीराच्या आपल्या बाजूनें चाललेल्या झुंजीचाहि मोठा वांटा असतो. विजयाच्या कथा वाचून ज्याचें वजन परत आलें आहे त्यानें काय समजावें? एवढेंच कीं, दुसऱ्यांना साधलें तें आपणांस साधलें नाहीं. ज्या पुस्तकांनीं त्याला धीर द्यावयाचा तीं त्याची लाज वाढवितात. बँटिंगच्या चोपड्यांतील पहिलीं वीस वर्षें त्याला हवीं आहेत. शेवटचें एक वर्ष नको आहे.

येथें स्वतःविषयीं थोडें लिहिणें भाग आहे. एरव्हीं आम्ही तें टाळलें असतें. चार वर्षांपूर्वीं आम्हीं अकरा किलो वजन उतरविलें. महाविद्यालयांतील मंडळींनीं अभिनंदन केलें, एकदोघांनीं रहस्य विचारलें, आणि आम्हींहि तें मोठ्या ऐटीनें सांगितलें. दोन वर्षांत सर्व वजन परत आलें, वर दोन किलो अधिक. तेव्हां आम्हीं सकाळचें टेकडीवर जाणें बंद केलें. चालवत नव्हतें असें नाहीं. तेथें नित्य भेटणारे लोक अभिनंदन करणारेच होते, आणि त्यांच्या दृष्टीस पडणें आम्हांस नको होतें. डॉक्टरांकडेहि वर्षभर फिरकलों नाहीं, कारण त्यांच्या दवाखान्यांत शिरतांच उजव्या हातास वजनाचा कांटा आहे. अखेर गेलों तेव्हां रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. एक वर्ष आधीं गेलों असतों तर उपाय सोपा होता, असें डॉक्टर म्हणाले. लाजेनें आमचें वजन तोळाभरहि उतरविलें नव्हतें. तिनें फक्त डॉक्टरांचें दार आमच्यापुरतें बंद करून ठेवलें होतें. लठ्ठ मनुष्यास टोंचून बोललें म्हणजे तो सुधारेल असें मानणाऱ्या हितचिंतकांनीं हा हिशेब अवश्य पाहावा.

ही गोष्ट आम्हीं प्रथम रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांस सांगितली. त्यांनीं उपदेश केला नाहीं, नवें पथ्यहि सुचविलें नाहीं. 'उद्यां सहाला तुमच्या फाटकाशीं उभा राहतों, सर,' एवढेंच ते म्हणाले. 'बोलायचं असेल तर बोलूं. नसेल तर मुकाट्यानं चालूं.' दुसऱ्या दिवशीं ते उभे होते. त्यांचेंहि वजन दोनदां उतरून दोनदां चढलें होतें, हें आम्हांस पहिली चढण संपल्यावर समजलें. बारा वर्षें एका खोलींत चहा घेऊनहि आम्हां दोघांस एकमेकांची ही व्यथा ठाऊक नव्हती!

लाज व पश्चात्ताप यांत आपण गल्लत करतों. पश्चात्ताप मनुष्यास परत यावयास लावतो, लाज त्याला लपावयास लावते. आणि जो लपला त्याला आधार तरी कोणीं द्यावा? या दृष्टीनें आमच्या महाराष्ट्रास दूर जाण्याचें कारण नाहीं. वारकरी एकदां पंढरीस जाऊन आला म्हणून त्याची वारी संपत नाहीं. तो पुढल्या आषाढींत पुन्हां पहिल्या पावलापासून चालूं लागतो, आणि 'पुन्हां कां निघालास?' असें त्याला कोणी विचारीत नाहीं. शिवाय तो एकटा निघत नाहीं, दिंडीबरोबर निघतो. पुन्हां आरंभ करण्यांत कमीपणा नाहीं, आणि तो सोबतीनें करावा, या दोन्ही गोष्टी ज्या समाजाच्या पायांस ठाऊक आहेत, त्या समाजानें देहाच्या बाबतींत मात्र एकदांच्या विजयाचा हट्ट धरावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

मराठींत या विषयावर विनोदी लेख पुष्कळ आहेत व पथ्याचीं पुस्तकें त्याहून अधिक आहेत. दुसऱ्या किंवा पांचव्या आरंभाचें प्रांजळ पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. तें जो कोणी लिहील त्यानें शेवट गोड करण्याची खटपट करूं नये. आमचें वजन आजच्या तारखेस साडेतीन किलो उतरलें आहे. तें टिकेलच असें आम्ही म्हणत नाहीं. रक्तांतील साखर डॉक्टर दर तीन महिन्यांनीं पाहतात. आणि उद्यां सकाळीं सहाला फाटकाशीं कोणी तरी उभें असणार, हें आम्हांस ठाऊक आहे.