पुरून ठेवलेलीं गुपितें: आजची युक्रेनी कादंबरी आणि राष्ट्रीयत्व

सुशिक्षित मराठी घरांतील पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलें, तर टॉलस्टॉय, डोस्टोएव्हस्की, चेकॉव्ह, गॉर्की यांपैकीं एकाचें तरी पुस्तक तेथें बहुधा आढळतें. सोव्हिएत राजवटीच्या काळांत मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त आणि देखण्या मराठी भाषांतरांनीं तर लहान मुलांपासून वडीलधाऱ्या मंडळींपर्यंत अनेकांस त्या वाङ्मयाचा लळा लावला होता. या परिचयाबद्दल आपण कृतज्ञच असलें पाहिजे. परंतु त्यांत एक चूक नकळत आपल्या हातून होऊन गेली. मॉस्कोच्या खिडकींतून जेवढें दिसलें, तेवढ्या सगळ्यास आपण 'रशियन' हें एकच नांव देऊन टाकलें. गोगोल १८०९ सालीं पोल्टावा प्रांतांत, युक्रेनच्या मातींत जन्मला. त्याच्या पहिल्या कथांतील खेडीं, जत्रा, भुतेंखेतें सारीं तेथलीं. पण लिहिलें रशियन भाषेंत, म्हणून आपल्या लेखीं तो निखळ रशियन ठरला. त्याच मातींत दुसऱ्या भाषेंत लिहिणारे कोणी आहेत काय, ही चौकशी करण्याचें आपणांस सुचलें नाहीं.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियन फौजा युक्रेनवर चालून गेल्या, आणि त्यानंतर त्या देशाच्या कादंबऱ्या इंग्रजींतून झपाट्यानें उपलब्ध होऊं लागल्या. या वाचनामागें सहानुभूति आहे, आणि तें स्वाभाविकहि आहे. तथापि सहानुभूति ही टीकाकाराची भरंवशाची वाटाडी नव्हे. ज्या राष्ट्राच्या अस्तित्वावरच घाला पडला आहे, तें राष्ट्र आपल्या प्रत्येक पुस्तकास, 'तूं आमचें आहेस ना?' असें विचारूं लागतें. हा प्रश्न कादंबरीस मानवतो काय? कीं त्याच्या ओझ्याखालीं ती प्रचारपत्रक होऊन बसते? प्रस्तुत लेखांत कांहीं निवडक कृतींच्या आधारें या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. अर्वाचीन युक्रेनी वाङ्मयाचा आरंभ १७९८ सालीं कोत्ल्यारेव्स्कीनें व्हर्जिलच्या महाकाव्याच्या केलेल्या विनोदी रूपांतरापासून धरतात. तारास शेव्चेंको याच्या १८४० सालच्या 'कोबझार' या काव्यसंग्रहानें त्या भाषेस प्रौढी आणली. १८४७ मध्यें झारच्या सरकारनें त्याला साधा शिपाई करून दूर हद्दपार केलें, आणि लिहिण्याची व चित्रें काढण्याचीहि मनाई केली. पुढें १८६३ मध्यें गृहमंत्री व्हाल्युएव्ह याच्या परिपत्रकानें युक्रेनी भाषेंतील धार्मिक व शैक्षणिक पुस्तकें बंद पाडलीं. अशी स्वतंत्र भाषा मुळीं नव्हतीच आणि असूं शकत नाहीं, असा त्याचा आशय होता. १८७६ च्या फर्मानानें मुद्रण, ग्रंथांची आयात आणि नाट्यप्रयोग यांवरहि कडक निर्बंध घातले. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या राष्ट्रकवीनें आपल्या कथा आणि रोजनिशी मात्र रशियन भाषेंतच लिहिल्या. काव्य हृदयाचें, परंतु गद्य सरकारी भाषेचें, अशी ही वांटणी होती. कविता ओठांवर जगते, बंदी तिला पुरतें मारूं शकत नाहीं. गद्याला छापखाना, शाळा, नियतकालिक आणि नागर वाचकवर्ग लागतो. म्हणून भाषेवरील बंदीचा खरा बळी गद्य असतें.

तो नागर वाचक १९२० नंतरच्या दशकांत निर्माण होऊं लागला होता. व्हालेरियन पिद्मोहिल्नी याची 'शहर' ही १९२८ ची कादंबरी खेड्यांतून किएव्हमध्यें येऊन लेखक बनणाऱ्या तरुणाची कथा सांगते. युक्रेनी भाषा म्हणजे शेतकऱ्याची बोली, ही समजूत खोडून काढणारें तें पुस्तक होतें. पण मुदत फार थोडी मिळाली. १९३२-३३ च्या कृत्रिम दुष्काळानें लक्षावधि माणसें मारलीं; मे १९३३ मध्यें मिकोला ख्विलोव्ही या अग्रगण्य लेखकानें खार्किव्ह येथें स्वतःवर गोळी झाडून घेतली; आणि नोव्हेंबर १९३७ मध्यें कारेलियाच्या सांदारमोख या अरण्यांत पिद्मोहिल्नी, कवि झेरोव्ह, नाटककार कुलिश, नाट्यदिग्दर्शक कुर्बास यांना इतर अनेकांबरोबर ठार करण्यांत आलें. या पिढीस तेथें 'गोळ्या घातलेलें पुनरुज्जीवन' असें म्हणतात. आजच्या कादंबरीकारास आजोबांचा वारसा मिळालेला नाहीं; मिळालें आहे तें आजोबांचें थडगें, आणि तेंहि शोधून काढावें लागलेलें. हें ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील कृतींचा अर्थ लागत नाहीं.

१९९१ मध्यें स्वातंत्र्य आलें. त्याबरोबर वीरगाथा याव्यात अशी आपली अपेक्षा असते; प्रत्यक्षांत आला तो हंशा. युरी आंद्रुखोविच याच्या 'मॉस्कोव्हियाडा' (१९९३) या कादंबरींत ओट्टो फॉन एफ. नांवाचा एक युक्रेनी कवि मॉस्कोच्या साहित्य-विद्यालयाच्या वसतिगृहांत राहतो. एका पावसाळी दिवसाची ही कथा. मद्यपान, भांडणें, भटकंती करीत नायक शेवटीं शहराच्या पोटांतील भुयारांत उतरतो; तेथें साम्राज्याचे जुने अधिपति मुखवटे चढवून सभेस बसलेले त्याला दिसतात. अखेर तो किएव्हच्या आगगाडींत बसतो. हंसून घेतल्यावांचून भीति जात नाहीं, हें लेखकानें अचूक ओळखलें. मात्र हा विनोद अद्याप मॉस्कोभोंवतींच फिरतो. धन्याची टिंगल करणारा नोकर नोकरच असतो. त्यानें स्वतःचें घर अजून पाहिलेलें नसतें.

तें घर धुंडाळण्याचें काम ओक्साना झाबुझ्कोबाईंनीं केलें. त्यांच्या 'टाकून दिलेल्या गुपितांचें संग्रहालय' (२००९) या विस्तीर्ण कादंबरीचें नांव मुलींच्या एका खेळावरून घेतलें आहे. फुलाच्या पाकळ्या, चकचकीत कागद, मणी असें कांहींबाही जमिनींत लहानसा खळगा करून मांडावयाचें, वर काचेचा तुकडा ठेवावयाचा आणि माती लोटून द्यावयाची; जिवलग मैत्रिणीलाच तेवढी जागा दाखवावयाची. दारिना ही दूरचित्रवाणीवरील वार्ताहर १९४७ मध्यें मारल्या गेलेल्या एका बंडखोर तरुणीचें छायाचित्र पाहते आणि तिच्या मृत्यूचा माग काढूं लागते, ही मुख्य कथा. राष्ट्राची स्मृति बायकांच्या हातांनीं, काचेखालीं, चोरून जपली गेली आहे, ही कल्पना इतकी सहज आणि खरी आहे कीं, सातशें पानांचा पसारा तिच्या बळावर तरतो. दोष मात्र सांगितला पाहिजे. सोव्हिएत सत्तेशीं लढलेल्या त्या बंडखोर सैन्यानें १९४३ मध्यें व्होलिन प्रांतांत पोलिश नागरिकांच्या कत्तली केल्या, ही इतिहासांतील गोष्ट आहे. बाईंची दृष्टि त्या काळोखाकडे फारशी वळत नाहीं. काचेखालीं मणी तेवढे ठेवावयाचे आणि हाडें ठेवावयाचीं नाहींत, असें केलें तर संग्रहालयाचें देवघर होतें. आणि देवघरांत प्रश्न विचारतां येत नाहींत.

या दृष्टीनें सोफिया आंद्रुखोविच (वर उल्लेखिलेल्या आंद्रुखोविच याची कन्या) यांची 'आमादोका' (२०२०) अधिक धीट आहे. आमादोका हें जुन्या नकाशांवर दाखविलेलें आणि पुढें नाहींसें झालेलें एक प्रचंड सरोवर. पूर्वेकडील युद्धांत चेहरा आणि स्मृति दोन्ही गमावलेल्या एका सैनिकास एक स्त्री आपला पति म्हणून घरीं आणते आणि त्याचा भूतकाळ त्याला सांगूं लागते. तो भूतकाळ खरा कीं रचलेला, ही शंका वाचकाच्या मनांतून जात नाहीं. त्या कथेच्या पोटांत दुसऱ्या महायुद्धांतील युक्रेनी मुलीचें आणि ज्यू तरुणाचें प्रेम आहे, शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांचें काय केलें तेंहि आहे, आणि १९३० च्या दशकांतील लेखकांची शोकांतिकाहि आहे. आपणांस जो भूतकाळ सांगितला जातो, तो सांगणाऱ्याच्या गरजेप्रमाणें घडतो; राष्ट्रासहि हें लागू आहे, असें सुचविण्याचें धैर्य युद्ध चालू असतांना या लेखिकेनें दाखविलें आहे.

पण माझ्या मतें या सर्वांत श्रेष्ठ कादंबरीकार सेर्ही झादान हा होय. तो १९७४ सालीं लुहान्स्क प्रांतांत, म्हणजे जेथें राष्ट्रीयत्वाची खूण सर्वांत पुसट समजली जाते त्या पूर्व सीमेवर जन्मला. 'व्होरोशिलोव्हग्राद' (२०१०) हें लुहान्स्क शहराचें जुनें सोव्हिएत नांव. आतां त्या नांवाचें गांव नकाशावर नाहीं. उरलीं आहेत तीं शाळेंतील जर्मनच्या तासाला वर्णनासाठीं पुढें ठेवलेलीं चित्रपत्रें. भाऊ एकाएकीं निघून गेल्यामुळें हेर्मान एका दिवसापुरता गांवीं येतो, भावाचा पेट्रोलपंप गिळूं पाहणाऱ्या बलदंडांशीं त्याची गांठ पडते, आणि तो तेथेंच राहतो. त्याच्या तोंडीं देशभक्तीचें एकहि भाषण नाहीं. हें आपलें आहे, येथें आपलीं माणसें आहेत, म्हणून येथून हलावयाचें नाहीं, एवढेंच त्याला उमगतें.

हीच जाणीव 'इंटर्नाट' (२०१७) या कादंबरींत कसोटीस लागते. २०१५ च्या हिवाळ्यांत पाशा हा शाळामास्तर, पलीकडच्या बाजूस सांपडलेल्या भाच्याला निवासी शाळेंतून घरीं आणावयास निघतो. तीन दिवसांचा हा प्रवास. पाशा युक्रेनी भाषा शिकवितो, पण ती त्याची वर्गांतली भाषा. वर्गाबाहेर तो ती बोलत नाहीं. तो बातम्या ऐकत नाहीं, कोणाचीच बाजू घेत नाहीं. दोन्ही बाजूंच्या सैन्यांचीं नांवें लेखक जवळजवळ घेतच नाहीं. धुकें, चिखल, ओले कपडे आणि भेदरलेलीं माणसें एवढेंच दिसतें. तुम्हीं मुलांना इतकीं वर्षें शिकविलें, मग तुमचें स्वतःचें मत काय, असा प्रश्न निवासी शाळेंतील बाई त्याला करते, तेव्हां त्या साध्या प्रश्नानें वाचकहि वरमतो. घराजवळ पोंचतां पोंचतां कथा सांगण्याचें काम भाच्याकडे जातें. मास्तराची तटस्थता ज्याच्या जिवावर बेतली असती, त्यानें आतां बोलावें, ही योजना अत्यंत उचित आहे. झादाननें २०२४ मध्यें सैन्यांत नांव नोंदविलें. परंतु कादंबरी थोर आहे ती त्यामुळें नव्हे. भेकडपणा म्हणजे काय हें तिनें आंतून, करुणेनें पाहिलें, म्हणून ती थोर आहे.

आतां भाषेचा प्रश्न. आंद्रे कुर्कोव हा रशियन भाषेंत कादंबरी लिहिणारा युक्रेनी लेखक. त्याच्या 'करड्या मधमाश्या' (२०१८) मध्यें दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड गांवीं दोनच माणसें उरलीं आहेत, आणि तीं लहानपणापासूनचीं वैरी. त्यांतला सेर्गेयिच वसंतांत आपल्या मधमाश्यांचीं घरें गाडीवर घालून शांत जागेच्या शोधांत निघतो आणि २०१४ मध्यें रशियानें बळकाविलेल्या क्रिमियांत एका तातार कुटुंबाच्या दारीं पोंचतो. शत्रूच्या भाषेंत लिहिलेलें हें पुस्तक युक्रेनी नाहीं काय? ज्यास तें तसें वाटत नसेल त्यानें तें पुन्हां वाचावें. याच्या उलट व्होलोदिमिर राफेयेंको. तो डोनेट्स्कचा, रशियन भाषेंत नांव कमावलेला. २०१४ मध्यें घर सोडावें लागल्यावर, वयाची चाळिशी उलटल्यानंतर, त्यानें युक्रेनी भाषा अंगीं मुरविली आणि 'मोंडेग्रीन' (२०१९) ही कादंबरी तींत लिहिली. शब्द चुकीचे ऐकूं येण्यास हें नांव आहे. नवी भाषा शिकणाऱ्या निर्वासिताच्या कानांतील गोंधळच त्यानें कलेचें साहित्य केला. २०२२ नंतर रशियनमध्यें लिहावयाचें नाहीं, असें त्यानें ठरविलें. त्याची तडफड खरी आहे. पण त्यानें सोडलेली भाषा त्याच्या आईच्याच तोंडची होती, ही किंमतहि वाचकानें विसरूं नये.

सप्टेंबर २०२२ मध्यें घडलेली एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. बालवाङ्मय लिहिणारा व्होलोदिमिर वाकुलेंको इझ्यूमजवळच्या आपल्या खेड्यांत रशियन अंमलाखालीं सांपडला. पकडून नेतील हें दिसतांच त्यानें रोजनिशी घराच्या बागेंत चेरीच्या झाडाखालीं पुरली. मार्च २०२२ मध्यें त्याला नेलें, आणि नंतर त्याचें प्रेतच सांपडलें. गांव मोकळें झाल्यावर व्हिक्टोरिया अमेलिना या कादंबरीकर्तीनें ती वही उकरून काढली. या बाईंनीं कादंबरीलेखन बाजूस ठेवून युद्धांतील अत्याचारांची नोंद करण्याचें काम पत्करलें होतें. वही २०२३ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं २७ जून रोजीं क्रामातोर्स्क येथील एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडून अमेलिनाबाई जखमी झाल्या आणि १ जुलै रोजीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, वारल्या. त्यांचा अपुरा ग्रंथ २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला.

झाबुझ्कोबाईंच्या मुली मणी पुरीत होत्या. वाकुलेंकोनें वही पुरली. दोन्ही ठिकाणीं विश्वास एकच: माती उकरणारें आपलें कोणी तरी मागाहून येईल. युक्रेनी गद्याचें राष्ट्रीयत्व मला या विश्वासांत दिसतें. ध्वजांत किंवा वंशांत तें शोधणाऱ्या कृति दुबळ्या ठरल्या आहेत. जेथें लेखकानें मातींतून निघालेलें सारें, मणी आणि हाडें दोन्हीं, वाचकापुढें ठेविलें, तेथें कादंबरीहि मोठी झाली आणि राष्ट्रहि ओळखूं आलें. मराठी वाचकास मात्र यांतलें बहुतेक अजून इंग्रजीच्या वाटेनेंच मिळतें. मॉस्कोची खिडकी सोडून आपण लंडनच्या खिडकीशीं उभे राहिलों आहों, इतकेंच. 'इंटर्नाट' सारखें एखादें पुस्तक कोणी थेट मूळ भाषेवरून मराठींत आणील, तर आपल्या कपाटांतील जुनी चूक थोडी तरी दुरुस्त होईल.