वतनाविना सरदार : अद्भुत कादंबरीतील राज्य

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ यांनी रूढ केलेल्या अद्भुतरम्य परंपरेवर आपल्या समीक्षेने ‘अवास्तवते’चा ठपका ठेवला आहे. आक्षेपाचा रोख योगायोग, वियोग आणि पुनर्मीलन यांवर असतो. या कल्पित राज्यांतील सरदारवर्गाचा विचार मात्र क्वचितच होतो.

हा सरदार राजनिष्ठ असतो किंवा कपटी. परंतु त्याच्या फौजेचा खर्च कोणत्या परगण्याच्या महसुलावर चालतो, या प्रश्नात या कादंबऱ्यांना रस नाही. त्याचा द्रोह स्वभावातून येतो, हितसंबंधांतून नव्हे.

खुलताबादेत बसून वाचताना ही उणीव विशेष जाणवते. येथे मलिक अंबराची (मृत्यू १६२६) कबर आहे. दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून त्याने राज्य सांभाळले, ते जमीनमहसुलाची घडी घालून. दख्खनचा सुभेदार असता १७२४ नंतर स्वतंत्र सत्ताधीश बनलेला पहिला असफजाह (मृत्यू १७४८) हाही येथेच चिरविश्रांती घेत आहे. शेजारच्या वेरूळच्या पाटिलकीतून भोसले घराणे निजामशाहीच्या सरदारकीपर्यंत पोहोचले. या तिन्ही ठिकाणी सत्तेची मुळे जमिनीत आहेत. निष्ठा आणि बंड या दोहोंचा हिशेब तेथेच लागतो.

मग कादंबरीतील सरदार अधांतरी का? संस्कृत व फार्सी कथांचा साचा हे अर्धे उत्तर झाले. तो साचा त्या काळी इतका सोयीचा का वाटला, हा प्रश्न उरतोच. मुंबई इलाख्यात १८१८ नंतर सरदारांचे राजकारण संपले होते; १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने सनदा तपासून अनेक इनामे खालसा केली होती. मानमरातब उरला, सत्ता गेली. वतनाविना सरदार ही लेखकांच्या भोवतीची वस्तुस्थितीच होती. ती कल्पित राज्यात नकळत उतरली, असे मला वाटते. निजामाच्या राज्यात जहागिऱ्या १९४९ पर्यंत टिकल्या. मराठवाड्यातील वाचकाला ही पोकळी अधिक बोचावी, याचे कारण हेच असेल.

रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) कथा शिवकालीन गडाभोवती उभी केली आणि दुसरी वाट दाखवली. परंतु त्यामुळे आधीची वाट केवळ पलायनाची ठरत नाही. अद्भुत कादंबरी काय सांगते याइतकेच ती काय वगळते हेही वाचले पाहिजे. कारण तिच्यातील वास्तव या वगळण्यातच दडलेले आहे.