मराठी कथनात्मक साहित्यातील बोली : प्रदेश आणि सामाजिक स्थान

प्रास्ताविक :
वऱ्हाडी, मालवणी ही नावे बोलींचा संबंध प्रदेशाशी जोडतात. परंतु एकाच गावात जात, शिक्षण, वय व लिंग यांनुसारही भाषा बदलते. 'पाणी' आणि 'पानी' हा भेद केवळ अंतरामुळे पडत नाही. त्यामागे शाळेशी असलेला संबंधही असतो. मराठी समीक्षेने मात्र साहित्यातील बोलीकडे बहुधा 'प्रादेशिक रंग' म्हणून पाहिले. साहित्यकृतीत बोलीला कोणते स्थान मिळते, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरला.

विवेचन :
उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत कौतिकचे दारिद्र्य व जिद्द वऱ्हाडी संवादांतून प्रत्ययास येतात. निवेदन मात्र मुख्यत्वे प्रमाण मराठीत आहे. त्यामुळे ही कलाकृती वऱ्हाडाबाहेरील वाचकापर्यंत पोहोचली, हे मान्य करावे लागते. तरीही दुःख बोलीत आणि त्याचे कथन प्रमाणभाषेत, अशी विभागणी येथे घडते. शासनमान्य लेखननियमांतही पात्राच्या तोंडी उच्चारानुसारी रूपांना मुभा आहे. इतरत्र प्रमाण रूपे अपेक्षित आहेत.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीने ही सीमा ओलांडली. शेतगडी नारबा स्वतःच कोल्हापूर परिसरातील बोलीत निवेदन करतो. शेतावर ट्रॅक्टर येतो व जनावरे जातात, या स्थित्यंतराचा अर्थ तो जनावरांशी जडलेल्या नात्याच्या भाषेत लावतो. येथे बोली केवळ संवादाचे नव्हे, तर विचाराचेही माध्यम ठरते.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच व्यक्तीची ही दोन रूपे शिक्षणाने निर्माण केलेला दुभंग दाखवतात. अकोले तालुक्यातील गाव ते मुंबईतील कावाखाना असा प्रदेश बदलला, तरी जात सुटत नाही. ही भाषा केवळ प्रदेशाच्या आधारे उलगडत नाही.

निष्कर्ष :
बोलीचे उच्चार व शब्दसंग्रह यांचा उलगडा बऱ्याच अंशी प्रदेशाने होतो. साहित्यातील तिचे स्थान मात्र सामाजिक अधिकाराशी निगडित असते. म्हणून बोलीच्या अस्सलपणाची नोंद करून समीक्षेने थांबू नये. निवेदनाचा अधिकार कोणत्या भाषेला मिळाला आणि कोणती भाषा अवतरणचिन्हांतच राहिली, याचीही चिकित्सा होणे आवश्यक आहे.