पांढरा, पण ऑफ-व्हाइट नव्हे

संगीतसमीक्षक कसं व्हायचं असतं ते मला अजूनही ठाऊक नाही. मी झालो तो मुख्याध्यापिकाबाईंच्या एका निरोपामुळे. "तुम्ही लिहिता असं कळलं. स्नेहसंमेलनातल्या आपल्या समूहगानाचं परीक्षण शाळेच्या वार्षिक अंकासाठी द्या." मी पडलो बँकेतला कारकून. 'सही जुळत नाही' हे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य. पण निरोप बाईंचा आणि मुलगी त्यांच्या शाळेत. मुकाट्याने दीड पानं लिहून दिली. अंक छापून आला तेव्हा त्यातलं एकच वाक्य शिल्लक होतं : "वेशभूषा नेत्रदीपक होती."

मी लिहिलं होतं, "वेशभूषा इतकी नेत्रदीपक होती, की कानांना काही काम उरलं नाही."

उरलेलं परीक्षण वाया जाऊ नये म्हणून इथे देतो. कॉमर्सचा पदवीधर खात्यात शिल्लक सोडत नाही. शाळेचं नाव मात्र सांगणार नाही. मुलगी अजून तिथेच शिकते.

कुठल्याही कलाकृतीचं परीक्षण मूळ संहितेपासून सुरू करावं म्हणतात. समूहगानाची मूळ संहिता म्हणजे गाणं, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. मूळ संहिता म्हणजे परिपत्रक. ते आमच्या घरी दिवाळीनंतर आलं. कलम एक : मुलींनी पांढरा कुर्ता व चुडीदार (ऑफ-व्हाइट नव्हे). कलम दोन : केशरी ओढणी, डाव्या खांद्यावर, दोन पिनांनी. कलम तीन : पायांत मोजडी. कलम चार : केसांत ताजा गजरा, कृत्रिम चालणार नाही. कलम पाच : मुलांनी पांढरा झब्बा-लेंगा व केशरी फेटा. कलम सहा : वरीलप्रमाणे पोशाख नसलेल्यास रांगेत उभे करता येणार नाही. आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून : "गीताचे नाव नंतर कळविण्यात येईल."

साहित्य म्हणून पाहिलं तर या संहितेत दोष काढायला जागा नाही. बांधेसूद रचना, एकही फालतू शब्द नाही, आणि कंसातलं ते 'नव्हे' तर थेट काळजाला भिडणारं. अडचण एवढीच, की आम्ही खडवलीला राहतो. इथे पांढरा रंग विकत घेता येतो, टिकवता येत नाही. फाटकापासून घरापर्यंतची धूळ आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी यांतून चार वेळा गेलेलं कुठलंही पांढरं कापड आपोआप कंसात जाऊन बसतं. आमच्या घरी आदल्या वर्षीचा एक चांगला कुर्ता होता. हिने तो उजेडात धरला, परिपत्रक वाचलं, आणि कुर्ता परत ट्रंकेत ठेवला.

सकाळच्या कसारा लोकलमध्ये मग पालकांची मतं कानावर पडू लागली. समीक्षकाने सगळ्या बाजू नोंदवाव्यात म्हणून नोंदवतो.

पहिलं मत शिस्तवाद्यांचं. या पक्षाचे पुढारी टिटवाळ्याला चढतात. "अहो, शंभर पोरं शंभर रंगांत उभी राहिली तर कार्यक्रम वाटेल का? बाजार वाटेल. गरीब-श्रीमंत दिसू नये म्हणून तर गणवेश असतो." हे म्हणणं खोटं नाही. एकसारखे कपडे असले की कुणाच्या बापाचा पगार किती ते स्टेजवर दिसत नाही. फक्त तो स्टेजवर चढण्याआधी दिसतो.

दुसरं मत संस्कृतिवाद्यांचं. त्यांना चुडीदारच मान्य नव्हता. मुलींना नऊवारी आणि मुलांना धोतर हवं होतं. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून जमणारी तरुण मंडळी त्यांनी दाखल्याला दिली. तिथे सगळे हौसेने नटतात, परिपत्रक कुणी काढत नाही, एवढं मी म्हणालो. तेवढ्यात शहाड आलं आणि वाद गर्दीखाली चेंगरला.

तिसरं मत मातृवर्गाचं, आणि ते निव्वळ व्यवहाराचं. "दोन बोटं मोठाच घ्या, पुढल्या वर्षीही होईल." पुढल्या वर्षी ओढणी हिरवी असते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही हे मत दरवर्षी एकमताने मंजूर होतं.

चौथं मत अर्थवाद्यांचं, म्हणजे माझं. आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने पांढऱ्याचे सात प्रकार टाकले. मोतिया, दुधी, हस्तिदंती... त्यानंतरचे मला ऐकू आले नाहीत. कुठला खरा पांढरा हे पाहायला त्याने दुकानातली एक ट्यूबलाइट बंद केली, मग दुसरी बंद केली. शेवटी काळोखात जो दिसला तो आम्ही घेतला. कुर्ता-चुडीदार ६५०, ओढणी १८०, मोजडी ३००, गजरा ४०, पिना १०. एकूण ११८० रुपये. गाणं चार मिनिटांचं. म्हणजे मिनिटाला २९५.

हा आकडा मला ओळखीचा वाटला. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या मुलांच्या एका गणवेशाला ३०० रुपये, वर्षाला दोन जोड्या, असा हिशेब वर्षानुवर्षे धरला गेला. म्हणजे सरकार ज्या पैशांत एका मुलाला अर्धं वर्ष झाकतं, त्यात माझी मुलगी एक मिनिट गाते. तेही चाळिसांतली एक म्हणून, मागच्या रांगेत.

सरकारला हसण्यात अर्थ नाही. सगळ्यांना एकाच रंगात पाहण्याचा मोह त्यालाही झालाच होता. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून २०२४-२५ च्या शालेय वर्षात सबंध महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांना एकच कापड द्यायचं ठरलं. शिलाई महिला बचतगटांकडे गेली. पाऊस वेळेवर आला, गणवेश आले नाहीत. मापांच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला. मंत्रालयाला जे राज्याच्या पातळीवर जमलं नाही, ते आमच्या संगीताच्या बाई चाळीस मुलांच्या पातळीवर जमवू पाहत होत्या. हिंमत मोठी, एवढं म्हटलंच पाहिजे.

आता कुणी म्हणेल, गाण्याला कपड्यांची जोड लागतेच. लागते ना! बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली आणि खरे शालू, खरी अत्तरं यांवर असा खर्च केला, की कंपनी कर्जात बुडाली. मी त्या कंपनीचा कारकून असतो तर व्हाउचरवर सही करताना हात थरथरला असता. पण एक लक्षात घ्या. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. शालू विरले, चाली उरल्या. त्या भास्करबुवांच्या स्मरणार्थ आमच्या कल्याणात गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव होतो. तिथे बसून गवयाचा झब्बा पांढरा की मोतिया, असं शेजाऱ्याला विचारून बघा. तो तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील, ती नजर म्हणजेच संगीतसमीक्षा.

आणि समूहगानच म्हणाल, तर आपल्याकडचं सर्वांत मोठं समूहगान आषाढात पंढरपूरच्या वाटेवर चालतं. तिथेही पोशाख पांढराच. पण धोतर एकाचं दुधी, सदरा दुसऱ्याचा पिवळट, टोपी तिसऱ्याची मातीच्या रंगाची. ऑफ-व्हाइट म्हणून दिंडीतून कुणाला बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. साहेबाच्या देशातले वाद्यवृंदवाले काळे कपडे घालतात, त्यामागेही एक शहाणपण आहे. काळ्यावर नजर फारशी अडकत नाही, आणि काळ्यावर डाग दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. पडदा उघडला आणि टाळ्या पडल्या. अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा त्या टाळ्या कलम एक ते पाचला होत्या. पांढऱ्या आणि केशरी रांगा खरोखर सुरेख दिसत होत्या. हार्मोनियमने सूर दिला. पहिल्या ओळीला दुसऱ्या रांगेतला एक फेटा सुटून डोळ्यांवर आला, आणि त्या गायकाने उरलेलं गाणं अंधारात म्हटलं. कडव्यात टाळ्या वाजवायच्या होत्या. पण दोन पिनांपैकी एक बहुतेकींची निसटलेली, त्यामुळे ओढण्या सावरण्यात हात गुंतले आणि टाळी कुठेच पडली नाही. आमची कन्या नव्या मोजडीमुळे एका पायावर गात होती.

आणि तरीही गाणं कोसळलं नाही. वरच्या पट्टीत सगळी रांग घसरायला लागली, की कुठून तरी एक आवाज यायचा, स्वच्छ आणि न घाबरलेला. तो सगळ्यांना हाताला धरून वर न्यायचा. मी रांगेत तो आवाज शोधत होतो. कुठल्याच तोंडाशी तो जुळेना. सही न जुळण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, पण असं कधी झालं नव्हतं.

रात्री घरी मोजडी भिरकावून देत मुलीने सांगितलं, "बाबा, तो आवाज तिचा होता. ती विंगेत होती. तिच्याकडे ड्रेस नव्हता ना! पण तिच्याशिवाय वरचं येईना, म्हणून बाईंनी तिला पडद्यामागे माइक दिला."

ती म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं. तिची आई सकाळी खडवलीला भाजीचा हारा घेऊन मालडब्यात चढते. कार्यक्रमाआधी आठ दिवस प्लॅटफॉर्मवर ती कुणाला तरी सांगत होती, "डरेस सांगितलाय शाळेत. नको बोलले तिला गानंबिनं." मी चार हातांवर उभा होतो. पालकांची चार मतं मी वहीत टिपली होती. हे पाचवं टिपायचं मला सुचलं नाही.

आणखी एक कबुली. त्या रात्री हिने घरी म्हटलं होतं, "ट्रंकेतला कुर्ता तिला देऊ या का?" मी म्हणालो, "अगं, तो ऑफ-व्हाइट आहे. आणि आपण कशाला मध्ये पडा? त्यांना वाईट वाटायचं." वाईट वाटण्याची जोखीम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली की आपलं खातं स्वच्छ राहतं, हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. अनुभवाने आलं.

तेव्हा समीक्षकाचा निर्णय असा : संहिता उत्तम, नेपथ्य उत्तम, वेशभूषा नेत्रदीपक. गाणं विंगेत होतं. आणि त्या मुलीला विंगेत ठेवण्यात बाईंइतकाच माझाही हात होता. माझा जरा जास्तच, कारण माझ्याकडे कुर्ता होता.

यंदाच्या पालकसभेत मी उभा राहिलो. पाय लटपटत होते. मी म्हटलं, "रोजचा गणवेश सगळ्यांकडे आहे. तो धुऊन घालू द्या. गरीब-श्रीमंत दिसू नये म्हणूनच तो असतो ना?" हे वाक्य मी टिटवाळ्याच्या शिस्तवाद्यांकडून उसनं घेतलं होतं, त्यामुळे त्यांना विरोध करता येईना. संस्कृतिवादी कुरकुरले. मातृवर्गाने सुस्कारा सोडला. बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मलाही त्या पिनांचा कंटाळाच आला होता."

नवं परिपत्रक आलं. एकच कलम : "शाळेचा गणवेश, धुतलेला." दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर मी त्या माउलीला गाठलं. "ताई, यंदा वेगळा ड्रेस नाही. शाळेचेच कपडे. लेकीला गायला पाठवा."

तिने हारा खाली ठेवला. पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, "मंग गानं कंचं हाय, साहेब?"

दोन वर्षांत इतक्या पालकांची इतकी मतं ऐकली, पण हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी खिशातून परिपत्रक काढून पाहिलं. तळाला, जागा उरली म्हणून, तीच ओळ होती.

"नंतर कळवणार आहेत," मी म्हणालो. तेवढ्यात गाडी आली.